मोटारीचा विमा आणि माझी तीन वयं

४ जाने. १९५८
मुंबईहून विमा कंपनीचं पत्र. सही कुणाची ते लागत नाही. मतलब एवढाच की मोटारीचा विमा यंदा जुन्या दराने होणार नाही, कारण मोटार चालवणाऱ्या बाईंचं वय बहात्तर आहे.

दोनदा वाचलं. मग आरशापुढे जाऊन आले. गंगू तांदूळ निवडत होती. तिला विचारलं, "मी बहात्तरची दिसते का गं?"

मान वर न करता म्हणाली, "आज दिसायलाव. काल न्हवतं."

७ जाने. मंगळ.
झरी. मारुतीच्या ओसरीत अकरा बायका, चार पोरं तपासली. एकीला रक्त कमी, बाकी ठीक. येताना ओंजळभर हुरडा मिळाला तो मोटारीच्या पायरीवर बसून खाल्ला. जेवणाची गरज राहिली नाही.

दवाखान्यातून निवृत्त होऊन दहा वर्षं होत आली, पण मंगळवारी झरी आणि बाजाराच्या दिवशी ताडकळस हे काही सुटलं नाही. सुटावं असं वाटतही नाही. सकाळी काळी (मोटार, दुसरं नाव कधी ठेवलंच नाही) सुरू झाली की माझंही काहीतरी सुरू होतं. विम्याशिवाय ती रस्त्यावर आणायची नाही असा कायदा आहे. मुदत फेब्रु.अखेर. म्हणजे हातात दोन महिनेसुद्धा नाहीत.

गंगूचा खोकला अजून आहे. दवाखान्यात दाई होती तेव्हा वीस वर्षांत कधी खोकली नाही. आता मागच्या सीटवर बसली की सुरू. घरात अजिबात नसतो. पेट्रोलचा वास सोसत नसणार. ज्येष्ठमध दिलं, तोंडात धरायला सांगितलं. "बरं," म्हणाली, पण धरलं असेल असं वाटत नाही.

९ जाने.
बहात्तरचा उलगडा झाला. पेटीतून डॉक्टरकीची जुनी सनद काढली, हैदराबादची, उर्दूतली. हिचीच नक्कल मागच्या वर्षी कंपनीने मागवली होती. जन्मसाल १३०३. आता आमच्या निजामी राज्यात शाळा-कचेरीत साल असायचं फसली. त्यात पाचशे नव्वद मिळवायचे की इंग्रजी साल आलं. म्हणजे १८९३. म्हणजे चौसष्ट. मुंबईच्या कारकुनाने उर्दू अक्षर पाहिलं आणि हिजरी सन धरला. झाले बहात्तर. एका फटक्यात आठ वर्षं. इतकी घाई तर यमालाही नसते.

कंपनीचा नियम असा: पासष्टपर्यंत साधा दर. पुढे जादा दर, आणि मोटार कोणत्या गावात, कोणत्या रस्त्याने फिरते ते त्यांचा माणूस येऊन बघणार. चौसष्ट धरलं तर यातलं काहीच नको. जीव भांड्यात पडला.

१० जाने.
काल पुरं लिहिलं नाही.

पेटीत सनदेखाली पत्रिका होती. ती असणार हे मला माहीत होतं, म्हणूनच काल हात लवकर बाहेर काढला. शके १८१२, कार्तिक. हिशेब करायची गरज नाही. सदुसष्ट.

काकांनी शाळेत घालताना वय तीन वर्षं खाली लिहून दिलं होतं. एवढी थोरली मुलगी पहिलीत कशी घ्यायची म्हणून पंतोजी अडून बसले होते, तेव्हा काका म्हणाले, "मग धाकटी करून घ्या." तेच वय पुढे सनदेत गेलं, नोकरीत गेलं, निवृत्तीत गेलं. कुणाचं काही बिघडलं नाही. आमच्या पिढीत शाळेत गेलेल्या निम्म्या लोकांचं वय असंच मास्तरांनी ठरवलेलं आहे.

तर घरात सदुसष्ट, कागदावर चौसष्ट, मुंबईत बहात्तर.

११ जाने.
कंपनीला पत्र टाकलं. फसली म्हणजे काय, हिजरी म्हणजे काय, ते समजावून लिहिलं, अगदी पहिलीच्या पोराला लिहावं तसं. पत्रिकेबद्दल लिहिलं नाही. खोटं एक अक्षर नाही त्यात. खरंही सगळं नाही.

१४ जाने. संक्रांत
झरीला गेले नाही, बायका आज ओसरीत कशाला येतील. गंगूने तिळाच्या पोळ्या केल्या, कडेपर्यंत गूळ. चार खाल्ल्या. दिवसभर कोणी ना कोणी येत राहिलं. सुख म्हणतात ते बहुतेक असंच जड असतं.

२१ जाने. मंगळ.
लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

झरीच्या अलीकडे, ओढ्याच्या वळणावर, रस्त्याच्या कामाची खडी पडली होती. नवा ढीग. गेल्या वेळी नव्हता. मी वळले आणि समोर ढीग. ब्रेक दाबला, काळी घसरली, डावा मडगार्ड खडीला घासून थांबली. कुणाला काही झालं नाही. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती, ती ढिगापासून चार हात पुढे होती. चारच हात.

ती वळून म्हणाली, "डाक्तरीणबाई, दमानं." आणि गेली. तिला वाटलं मी घाईत आहे.

 मागच्या सीटवर गंगूच्या तोंडात ज्येष्ठमधाची कांडी होती. शेवटी ऐकलं होतं माझं.

आधी लिहिणार होते की ढीग दिसलाच नाही. दिसला. उशिरा दिसला. उजेड होता, धूळ नव्हती. बाकीचा रस्ता मला कसा दिसतो याचा विचार करत बसले, तर लक्षात आलं की तो मला पाठ आहे. कुठे खड्डा, कुठे चढ, कुठल्या बाभळीनंतर वळायचं. मी बघून चालवते की आठवून, हे मला सांगता येत नाही. याची भीती वाटली. खरीच वाटली.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय हे मला कळत नाही असं नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर वर्षापूर्वीच सांगितलं असतं.

२५ जाने.
कंपनीचं उत्तर. फसलीचा खुलासा वाचला, पण मुंबईत तो कुणाला तपासता येत नाही, सबब त्यांचा माणूस येतोय. श्री. पोंक्षे. वय, रस्ता, मोटार ठेवण्याची जागा, सगळं पाहतील.

गंगू म्हणाली, "येऊ द्या. जेवू घालू."

३० जाने.
पोंक्षे आले. पुण्याचे, तिशीतले, हातरुमाल घडी घालून खिशात ठेवणारे. छापील कागद घेऊन बसले.

मोटार रात्री कुठे असते? जिनिंगच्या आवारात, लिंबाखाली. शेजारी काय? कापसाच्या गाठी. लिहिलं. रस्ता पक्का की कच्चा? वाटेत पूल की नुसती फरशी? फरशीवरून पाणी वाहतं का? पावसाळ्यात वाहतं, आता कोरडी. पाणी आलं तर काय करता? थांबते. किती वेळ? उतरेपर्यंत. यावर त्यांनी मान वर करून बघितलं.

"आणि या तालुक्यात मोटारी साधारण किती?"

मी बोटांवर मोजू लागले. एका हाताचीच पुरली.

ते एकदम खूश झाले. धडकायला दुसरी मोटार नाही, हा म्हणे फार मोठा गुण. पुण्या-मुंबईत दर वाढतो तो मोटारींमुळे. इथे वाढेल तो कापूस, पाणी आणि जनावरं यांमुळे. म्हणजे मी कशी चालवते ते मागाहून, गाव कसं आहे ते आधी. पटलं मला. आजारपणातही आम्ही आधी पाणी कुठलं पितात तेच विचारतो.

मग ताडकळसला निघालो, बाजार होता. पोंक्षे पुढे माझ्याशेजारी, गंगू मागे. ती पूर्ण वाट खोकत होती. गाडी आली की खोकला, बैल आडवा आला की खोकला. पोंक्षेंनी कनवाळूपणाने पेपरमिंटची गोळी पुढे केली. गंगू म्हणाली, "घरी गेल्यावर खाईन, मालक."

निम्म्या वाटेत मेंढरं. भिवाचा कळप, रस्ताभर. मी इंजिन बंद केलं. पोंक्षेंनी विचारलं, "हॉर्न नाही वाजवायचा?" म्हटलं, मेंढरांना वाजवला तर ती मोटारीखालीच येतात. "मग किती वेळ?" "मेंढरं संपेपर्यंत."

भिवा काठी टेकत खिडकीपाशी आला. त्याची दोन्ही पोरं माझ्या हातची. "बाई, ह्यो कोन?"

"मी किती म्हातारी झाले ते बघायला आलेत."

भिवाने पोंक्षेंकडे नीट पाहिलं. "त्यात काय बघायचंय? माझ्या थोरल्याच्या टायमाला बाई आल्या तवा मला नुकतं मिसरूड फुटलं व्हतं, आन् बाईचे केस काळे व्हते. आता माझेबी पांढरे. हिशेब तुमी करा."

पोंक्षेंनी हेही लिहून घेतलं. काय लिहिलं असेल देव जाणे.

२ फेब्रु.
पोंक्षे जाताना फॉर्म देऊन गेले. चौसष्ट मान्य. म्हणाले, "तुमच्याइतकं सावकाश चालवणारं माणूस मी आमच्या कचेरीच्या वहीत पाहिलं नाही." गंगूच्या हातची भाकरी आणि ठेचा त्यांना फार आवडला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ला.

फॉर्ममध्ये दोनच रकाने माझ्या हाताने भरायचे राहिलेत. एक, वय, सत्य असल्याच्या सहीसह. दुसरा, "माझी दृष्टी मोटार चालवण्यास योग्य आहे." होय किंवा नाही. दाखला जोडल्यास उत्तम.

फॉर्म पंचांगात ठेवला. पंचांग उशाखाली.

८ फेब्रु.
डॉ. मुळेंकडे गेले, माझ्याच जुन्या दवाखान्यात. माझ्या हाताखाली शिकलेले, आता तेच मुख्य. खुर्चीवर बसवलं, उजवा डोळा झाकला, समोरचा तक्ता वाचायला सांगितला. वाचला. सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा वाचली. मुळे म्हणाले, "मॅडम, नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."

दाखला लिहायला घेतला त्यांनी. तेव्हा मी नीट बघितलं, आणि हसूच आलं. तो तक्ता मीच हैदराबादहून मागवलेला. वीस वर्षं रोज समोर होता. डोळे मिटूनही म्हटला असता. मिटून म्हणून दाखवलाच.

मुळेंनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, दुसरा तक्ता इथे नाही. तुम्ही चालवताय हे सगळ्या गावाला माहीत आहे, कुणी तक्रार केली नाही. करू का सही?"

म्हटलं, राहू द्या. ते दारापर्यंत पोचवायला आले. पायरीपाशी हात धरला. पायरीही मला पाठच आहे, पण धरू दिला.

११ फेब्रु. मंगळ.
झरी. खडीचा ढीग पसरून झाला, रस्ता छान झालाय. तेरा बायका. त्या रक्त कमी असलेलीला जरा बरं.

परतताना गंगूला तक्त्याची गोष्ट सांगितली. वाटलं हसेल. ती पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "बाई, रागावणार न्हाई तर एक सांगू?"

"सांग."

"मला खोकला न्हाई."

मी मोटार बाजूला घेतली, थांबवली.

"दोन सालं झाली, नुसतं सोंग हाय. तुमाला येळंवर दिसंना म्हून मी खोकायले. समोर काही आलं की खोकायचं. तुमी खोकला ऐकून पाय ब्रेकवर ठेवताव, तुमालाबी ठावं न्हाई. त्या दिवशी तुमीच कांडी तोंडात धरायला लावली, खोकता आलं न्हाई."

मला काय वाटलं ते आधी लिहिते: राग. दोन वर्षं ही बाई मागच्या सीटवरून माझी मोटार चालवते आहे आणि मी तिला ज्येष्ठमध देते आहे. मग लाज. मग, घर येईपर्यंत, बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटीने चालवते असं समजत होते. एकटी नव्हते.

"सरळ सांगायला काय झालं होतं?"

"तुमी चालवनं सोडून दिलं असतं."

खरं आहे. सोडलंच असतं. स्वभाव तिला माझ्याहून जास्त ठाऊक.

१२ फेब्रु.
वयाच्या रकान्यात सदुसष्ट लिहिलं. पत्रिकेची नक्कल जोडली, शके म्हणजे काय तेही समजावून लिहिलं. बिचारा कारकून. काकांची आठवण आली. साठ वर्षांनी त्यांची चोरी उघडी पाडली, पण ते रागावले नसते. पंतोजींना मात्र घाम फुटला असता.

जादा दर पडेल. पडू दे. दुसरा रकाना तसाच.

१९ फेब्रु.
काल झरीला सर्विस मोटारीने गेलो, म्हटलं पाहू तरी जमतं का. जमत नाही असं नाही. पण ती सकाळी निघते ती माझ्या वेळेला नाही, तिच्या वेळेला. परत येते ती भरून, कोंबड्यांसकट. सहाच बायका तपासून झाल्या आणि कंडक्टरने घंटी मारली. उरलेल्या तशाच बसून राहिल्या, "पुढच्या मंगळवारी" म्हणाल्या. त्या रक्त कमीवालीला तर बघितलंच नाही.

गंगू वाटेत एकदाही खोकली नाही. खिडकीतून बाहेर बघत होती, एकदम मोकळी. तिलाही विश्रांती हवी होती, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

२५ फेब्रु. मंगळ.
मुदत संपायला तीन दिवस. काळी काढली. फॉर्म पिशवीत घेतला. गंगूला म्हटलं, आज पुढे बस, आणि खोकू नकोस, तोंडाने सांग. ती पुढे बसली, पदर सावरून, लग्नात बसतात तशी. "उजवीकडं गाडी. बैल शहाणा हाय. म्हातारा यायलाय, दमानं." मला फार आवडलं ते. मागून खोकण्यापेक्षा कितीतरी बरं.

झरीत सगळ्या बायका झाल्या. रक्त कमीवालीच्या गालावर जरा रंग आलाय. गुळाचा खडा घेऊन आली होती.

परतताना माळावर भिवाचा कळप. थांबले. विचारलं त्याला, बाबा, तुमच्यात म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांचं कसं ठरवतात? तो हसला नाही. म्हणाला, "आमच्यात सोपं हाय. पार त्या लिंबापाशी मेंढरं उभी करायची. कपाळाला पांढरं असल्याली किती, ते हितून सांगायचं. ज्याला सांगता येईना त्यानं कळपाच्या म्होरं चालायचं न्हाई, मागं चालायचं."

"मागे चालणाऱ्याला काय काम?"

"लंगडं, मागं राहिल्यालं, नवं जन्मल्यालं सगळं त्याच्याकडंच असतंय की. माझा बाप बारा साल मागं चालला. लय खुशीत."

मेंढरं आधीच लिंबाखाली होती. मी खाली उतरले. चष्मा पुसला. मेंढरं काळी सगळी, ऊन माझ्या पाठीवर. ही मला पाठ नव्हती, आधी कधी मोजली नव्हती. डावा डोळा झाकून पाहिलं, मग उघडून पाहिलं. बराच वेळ लागला. भिवाने घाई केली नाही.

"सात," मी म्हणाले.

गंगूला विचारलं. तिने लगेच सांगितलं, "सातच."

भिवाने मान हलवली. "आठ."

 गंगूने पुन्हा बघितलं, पुन्हा सात.

"एक पिल्लू मायेच्या पोटाखाली हाय," भिवा म्हणाला. "ते मलाबी दिसंना झालंय. पर हाय ते मला ठावं हाय."

मोटारीत येऊन बसले. गंगू पुढे. भिवाने कळप बाजूला घेऊन वाट करून दिली, आणि मी घरी येईपर्यंत त्या पिल्लाचाच विचार करत होते.

फॉर्म समोर आहे, दुसरा रकाना अजून कोरा. गंगू चहा ठेवते आहे. टपाल उद्या दुपारी निघतं.